चव मागे उरते तेव्हा : गीता २.५९ आणि ऱ्हाईनकाठचा एक द्राक्षमळा



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९.

पोथी किंवा ॲप, जे हाताशी असेल ते उघडा आणि श्लोक आधी एकदा मोठ्याने म्हणा. मग पुढे वाचा. काल आपण ५८ वा पाहिला, कासवाचा. कासव जसं पाय आणि मान आत ओढून घेतं, तशी ज्याने आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतली त्याची बुद्धी स्थिर, असं भगवंत म्हणाले. वाचताना वाटतं, चला, सुटलो! आणि लगेच पुढच्या श्लोकात ते सांगतात की थांब, अजून संपलेलं नाही. जो भोग घेणं बंद करतो त्याच्यापासून विषय दूर जातात खरे, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडीही जाते, पण ते परम तत्त्व दिसल्यावर.

यातला 'मागे राहते' हा भाग आपण फार घाईत वाचतो. आज तिथेच थांबायचं आहे, आणि त्याला कारण एक पत्र आहे.

जर्मनीत कामाला आलेल्या आपल्याच एका वाचकाने लिहिलंय. नाव-गाव सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दादा, दारू सोडून आठ महिने झाले. माळ घातली. रोज हरिपाठ होतो. आता ऑफिसची टीम श्लॉस योहानिसबर्गला चालली आहे, वाइन टेस्टिंगसकट. जायचं की नाही हा प्रश्न आहेच, पण मला खरं छळतंय ते वेगळंच. आमंत्रणाचा मेल वाचला आणि जिभेवर चव आली. आठ महिन्यांनंतर! मग ही माळ मी नुसतीच गळ्यात घातली आहे का?

मी स्वतः त्या ठिकाणी जाऊन आलोय. त्यामुळे आधी ते ठिकाण दाखवतो, मग श्लोक, मग उत्तर. या ठिकाणाने मला हा श्लोक जरा नीट कळला, म्हणून हा क्रम.

फ्रँकफुर्टहून ऱ्हाईनच्या उजव्या काठाने जाणारी ट्रेन पकडायची, गायझनहाइमला उतरायचं आणि वर मळ्यांमधून चालत सुटायचं. 'श्लॉस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड-राजगड येतात, तसं इथे काही नाही. बुरूज नाहीत, तटबंदी नाही. टेकडीच्या माथ्यावर एक फिकट पिवळा, रुंद वाडा आणि त्याला लागून चर्च. गंमत खाली आहे, उतारावर. ऱ्हाईन तशी उत्तरेकडे जाणारी नदी, पण इथे टाउनुसचे डोंगर आडवे येतात आणि ती तीसेक किलोमीटर पश्चिमेकडे वळते. त्यामुळे उजव्या काठाचे उतार थेट दक्षिणेला तोंड करून उभे राहतात, दिवसभर ऊन अंगावर घेतात. ५० वा अक्षांश या मळ्यातूनच जातो. आपलं नाशिक २० वर आहे, म्हणजे विचार करा. एवढ्या उत्तरेला द्राक्ष गोड व्हायचं तर उन्हाचा प्रत्येक तास मोजून घ्यावा लागतो.

मालकीची कथा लांब आहे. सातबारा काढला तर पानं पुरणार नाहीत. साधारण ११०० च्या सुमारास इथे बेनेडिक्टाइन साधूंनी मठ वसवला. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानच्या नावाचं चर्च, म्हणून टेकडीचं नाव योहानिसबर्ग. १५६३ मध्ये मठ बंद झाला. १७१६ मध्ये फुल्दाच्या मठाधिपतीने जागा विकत घेतली, आजचा वाडा बांधायला घेतला आणि १७२० पासून सगळ्या उतारावर एकाच जातीची, रिस्लिंगची वेल लावली. पुढे नेपोलियनच्या धामधुमीत ती त्याच्या केलरमान नावाच्या सेनापतीकडे गेली. १८१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ती आपला मंत्री मेटरनिख याला दिली, पण उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजघराण्याला द्यायचा या अटीवर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात वाडा आणि चर्च जळाले, आणि मग वर्षानुवर्षं खपून ते पुन्हा उभारले. आज मळा एका मोठ्या उद्योगसमूहाकडे आहे. साधू, मठाधिपती, सेनापती, मंत्री, कंपनी. उतार तोच, आणि १७२० पासून वेलीची जातही तीच.

मला जास्त वेळ धरून ठेवलं ते चर्चने. आत जवळजवळ काहीच नाही. भिंती उघड्या, सजावट बेताची, शांतता भरपूर. मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हरिपाठ झाला. आणि तिथे बसल्यावर एक गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगायलाच हवी.

ज्या साधूंनी ही टेकडी वसवली त्यांचे नियम संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिले. त्यात पिण्यावर एक छोटं प्रकरण आहे, चाळिसावं. बेनेडिक्ट म्हणतात की खरं तर वाइन साधूंसाठी नाहीच. पण आजकालच्या साधूंना हे पटवणं कठीण, तर निदान मर्यादेत प्या. दिवसाचं मापही ठरवून देतात. ज्यांना देवाने पूर्ण वर्ज्य करण्याचं बळ दिलं त्यांना त्याचं वेगळं फळ आहे, असंही सांगतात. आणि शेवटी, जिथे वाइन मिळतच नाही तिथल्या साधूंनी देवाचे आभार मानावेत आणि कुरकुर करू नये. कुरकुर नको, यावर त्यांचा सगळ्यात जास्त भर आहे.

आपली परंपरा वेगळी आहे. वारकऱ्याने माळ घातली की मद्य-मांस सुटलं, त्यात मापबीप नाही. मी बेनेडिक्टांचं माप तुम्हाला देत नाहीये. पण त्यांची नजर कुठे होती बघा. पेला रिकामा आहे की भरलेला, यापेक्षा पेला रिकामा असताना मनात काय चाललंय, तिकडे. गीतेचा आजचा श्लोक नेमकं तेच विचारतो.

आता शब्दांकडे येऊ. श्लोकात सोडणाऱ्या माणसाला 'निराहार' म्हटलंय. आहार म्हणजे फक्त जेवण नव्हे, इंद्रियांनी आत घेतलेलं काहीही. डोळ्यांचा आहार असतो, कानांचा असतो. (मोबाइलचा तर बोलायलाच नको.) मग येतो 'रस'. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या शब्दाचा अर्थ आवड, आसक्ती असा घेतला. वस्तू सुटली, तिच्याबद्दलचं सूक्ष्म प्रेम सुटलं नाही. ज्ञानेश्वर माउली मात्र इथे थेट जिभेवर बोट ठेवतात. बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतात, असं ते म्हणतात, पण जिभेचं तसं नाही; खाल्ल्यावाचून जगणं नाही, त्यामुळे रस हट्टाने, जबरदस्तीने आवरता येत नाही. तिथेच ते एक दृष्टांतही देतात. झाडाची वरवरची पालवी खुडत राहायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं. ते झाड मरेल कसं? उलट ते आडवं पसरेल.

हा दृष्टांत शहरात वाढलेल्या आपल्याला नुसता छान वाटतो. द्राक्षाच्या मळ्यात उभं राहून वाचला की तो अंगावर येतो.

माझ्या मामाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. तिथे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिलीत काडी तयार होते, दुसरीनंतर घड येतात. काडीवर किती डोळे राखायचे हे ठरवणारा माणूस बागेतला सगळ्यात जाणता माणूस असतो. लहानपणी छाटलेली बाग पाहून मला वाटायचं, गेली ही. नुसती लाकडं उभी. मामा हसायचा. छाटली नाही तर पानंच पानं होतात, म्हणायचा, घड धरायचे तर कात्री लागतेच. ऱ्हाईनकाठी थंडी असल्याने वेल आपोआप झोपते, म्हणून छाटणी एकदाच, हिवाळ्यात. पण तीही तितकीच निर्दय. गेल्या वर्षीची जवळजवळ सगळी वाढ कापतात, एखाद-दुसरी काडी ठेवतात. वसंतात कापलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब गळायला लागतात. मुळं जिवंत आहेत आणि वर पाणी ढकलत आहेत, याची ती खूण.

म्हणजे बघा, द्राक्षाचा शेतकरी माउलींचा दृष्टांत रोजच्या धंद्यात वापरतो, फक्त उलट हेतूने. वरून कापायचं आणि मुळाला पाणी द्यायचं, ही वेल मारायची रीत नाहीच. जोरात फळ आणायची ती रीत आहे.

आता आपल्या वाचकाच्या आठ महिन्यांकडे बघा. कात्री चालवली, उत्तम केलं. पण कापलेल्या टोकातून थेंब आला म्हणून तो घाबरलाय. अरे बाबा, थेंब येणारच. श्लोकाने आधीच सांगून ठेवलंय की विषय जाईल आणि रस राहील. भगवंतांनी ही ढोंग्याची खूण म्हणून सांगितलेली नाही, सोडणाऱ्याच्या वाटेवरचा टप्पा म्हणून सांगितली आहे. मेल वाचून जिभेवर चव येणं ही शरीराची आणि आठवणीची गोष्ट. व्यसनातून बाहेर आलेल्यांना अशी ओढ वर्षांनंतरही, नुसत्या वासाने, एखाद्या गाण्याने, एखाद्या जागेने येऊ शकते. तुझी माळ खोटी नाही. तू वाटेत आहेस, एवढंच.

विचारायचं ते हे की मुळाला पाणी कोण घालतंय?

यात आपण सगळे सापडतो, न पिणारेही. जुन्या मित्रांबरोबर 'काय दिवस होते यार' म्हणत तासभर त्याच पार्ट्यांच्या गोष्टी काढणं, हे पाणी. पीत नाही पण कॉकटेलचे रील थांबून-थांबून बघणं, हे पाणी. आणि एक पाणी जरा भक्तीच्या रंगाचं असतं, ते सहज ओळखू येत नाही. मी गेलो त्या दिवशी टेस्टिंगच्या टेबलावर आमच्यापैकी एक जण असा होता की ज्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण संध्याकाळभर त्याचं लक्ष दुसऱ्यांच्या पेल्यांवर. कुणी किती घेतले, कोण लाल झालाय, कोण मोठ्याने हसतोय. परतीच्या ट्रेनमध्येही तोच विषय. पिणारे एव्हाना डुलक्या घेत होते. वाइनचा विचार सगळ्यात जास्त वेळ कुणी केला असेल, तर त्या न पिणाऱ्याने. तुच्छतेनेसुद्धा रस पोसला जातो, मंडळी. विषय तोंडात गेला नाही तरी मनात त्याची मेजवानी चालूच असते.

त्याच टेबलावर नेमकं उलटं दृश्यही होतं. एक वयस्कर गृहस्थ, बहुधा याच व्यवसायातले, घोट घ्यायचे, तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचे. चव पारखणारे व्यावसायिक असंच करतात, नाहीतर दिवसाला पन्नास नमुने कसे पारखणार! मला मोठी मौज वाटली. आपला निराहारी विषय सोडतो आणि रस त्याच्याकडे राहतो. हे काका रस ठेवतात आणि विषय भांड्यात सोडतात. दोघांच्याही पोटात दारू नाही. पण श्लोक ज्याच्याबद्दल बोलतोय तो या दोघांच्याही पलीकडचा तिसरा माणूस आहे.

तो तिसरा कसा होतो? आता श्लोकाचं क्रियापद बघा. रस नष्ट होतो, जळतो, मरतो असं तिथे म्हटलेलंच नाही. 'निवर्तते' असं आहे. म्हणजे परत फिरतो, मागे वळतो. विषयांसाठीही तोच धातू आणि रसासाठीही तोच. विषय परत फिरतात, आणि पुढे परम दिसल्यावर रसही परत फिरतो. दाराशी आलेला पाहुणा घरात जागा नाही हे बघून मागे वळतो ना, तसं. त्याला मारायला काठी घेऊन धावायचं नाहीये. घर दुसऱ्या कुणी भरलेलं हवं. तैत्तिरीय उपनिषद तर ब्रह्मालाच रस म्हणतं. तोच शब्द! म्हणजे चवीची ताकद वाईट नाही, तिचं तोंड कुणीकडे आहे एवढाच प्रश्न. माउलीही म्हणतात की परब्रह्माचा अनुभव आला की जिभेवरचा हा ताबा स्वभावतःच येतो. हट्टाने जे होत नव्हतं ते सहज होतं.

कीर्तनात रंगलेल्या माणसाला भूक लागली होती हे नंतर आठवतं. वारीत पाय सुजलेले मुक्कामाला पोचल्यावर कळतात. हे आपण सगळ्यांनी थोडं थोडं अनुभवलंय. परम दिसणं म्हणजे काहीतरी फार लांबचं, असं समजून ते बाजूला ठेवू नका. त्याची छोटी छोटी झलक मिळत असते, आणि तेवढ्या वेळेपुरता रस खरोखर मागे वळलेला असतो. आठ महिन्यांत असे क्षण आले असतील ना? चव किती वेळा आली ते मोजतोस, हेही मोज.

आता योहानिसबर्गच्या अंगणातल्या पुतळ्याबद्दल. तिथे गेलास तर दिसेलच : घोड्यावरचा एक निरोप्या. १७७५ सालची गोष्ट. त्या काळी द्राक्षतोड कधी सुरू करायची याची परवानगी मालकाकडून, म्हणजे फुल्दाहून आणावी लागायची. फुल्दा इथून साधारण दीडशे किलोमीटर. घोडेस्वार जायचा, हुकूम घेऊन यायचा. त्या वर्षी तो खूप उशिरा आला. का, याची गोष्ट प्रत्येक गाइड वेगळी सांगतो. कुणी म्हणतं वाटेत लुटारूंनी धरलं, कुणी म्हणतं एखादी मुलगी भेटली. इकडे द्राक्षं वेलीवर कुजायला लागली. बुरशी आली, मणी सुरकुतले. हुकूम आल्यावर तीच तोडली, तीच गाळली, आणि पुढच्या वसंतात पिंप उघडलं तर अशी गोड वाइन योहानिसबर्गच्या तळघरात कुणी चाखलेली नव्हती. 'श्पेटलेझे', म्हणजे उशिराची तोड, हे नाव तिथून गाजलं. (हंगेरीत टोकाय भागात अशा सुकल्या-कुजल्या द्राक्षांची वाइन त्याआधी शंभरेक वर्षं होत होती. पण गोष्ट जर्मनांची जास्त रंगतदार, हे मान्य करायला हवं.)

इथे कुणीही कीर्तनकार लगेच म्हणेल, बघा, देवाघरी उशीर झाला तरी फळ गोडच मिळतं! ऐकायला बरं वाटतं. मी मात्र या गोष्टीतून तसं काढणार नाही, कारण शेती तसं सांगत नाही. ती बुरशी, बोट्रायटिस तिचं नाव, सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असेल तरच गोडी आणते. सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं, साखर दाट होते. पण पाऊस लागून राहिला तर हीच बुरशी, त्याच मळ्यात, सगळा घड नासवून टाकते. मामाला विचारा, ऐन तोडणीत अवकाळी पाऊस म्हणजे काय असतं. उशीर आपोआप गोड होत नसतो. म्हणून 'थांबा, आपोआप सगळं ठीक होईल' असा सल्ला मी आठ महिन्यांच्या माणसाला देणार नाही. हवा कुठली मिळते, संगत कुठली, ऊन किती, यावर तीच ओल दोन वेगळी फळं देते.

एक मात्र त्या कुजलेल्या मण्यातून घेण्यासारखं आहे. गोडी बाहेरून कुणी घातली नाही. ती होतीच. फक्त पाणी गेलं.

तर मित्रा, तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. जायचं की नाही?

टेस्टिंगला जाऊ नकोस. आठ महिने म्हणजे कोवळी वेल आहे, आणि कोवळ्या वेलीला कुंपण घालतात. यात कमीपणा काही नाही. तू बलवान आहेस की नाही हे त्या टेबलावर सिद्ध करायला गीतेने कुठेही सांगितलेलं नाही. मॅनेजरला सरळ सांग, मी पीत नाही, टेस्टिंग सोडून बाकीच्याला येतो. जर्मनीत हे सांगणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. इथे लोक कारण फारसं विचारत नाहीत. आग्रह करकरून पाजणं ही खोड आपल्याकडेच जास्त. टीममधल्या एका विश्वासू माणसाला खरं कारण माहीत असू दे. एकानेच ओळखून शेजारी उभं राहणं फार मोठी मदत असते.

जाणार असशील तर मळ्यातून चाल, गच्चीवरून नदी बघ, चर्चमध्ये बस. तळघराच्या फेरीत जाऊ नकोस. पिंपांचा आणि आंबत्या रसाचा वास तिथे भिंतींत मुरलेला असतो, आणि तुझ्यासाठी वास म्हणजे अर्धा घोट. ऑक्टोबर असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेव. या भागात त्या दिवसांत 'फेडरवाइसर' नावाचं गढूळ, गोड पेय जिकडेतिकडे मिळतं. दिसायला थेट लिंबाच्या सरबतासारखं, चवीला रसासारखं. तो अर्धवट आंबलेला द्राक्षरस आहे, त्यात मद्य असतं. नवख्या माळकऱ्यांनी रस समजून उचलल्याचे किस्से मी ऐकलेत. साधा, न आंबवलेला रस हवा असेल तर 'ट्राउबेनझाफ्ट' हे नाव सांगून माग. जेवणातल्या सॉसबद्दलही विचार, वाइन घालून शिजवलेले पदार्थ तिथे बरेच.

आणि ओढ फार आली, हात थरथरला, झोप उडाली, तर फक्त जप वाढवून भागवू नकोस. डॉक्टरांशी बोल, व्यसनातून बाहेर आलेल्या लोकांच्या गटात जाऊन बस. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा जर्मनीतही होतात आणि महाराष्ट्रातही. पुण्यात मुक्तांगणसारखं केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. रोज भरपूर पिणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो : एकाएकी, एकट्याने बंद करू नका. अंगाला कंप सुटतो, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करा. औषध घेतल्याने भक्ती कमी होत नाही; मामाही बागेला भुरी लागली की अभंग म्हणत बसत नाही, फवारणी करतो. अभंग फवारता फवारता म्हणतो.

ज्यांनी कधीच घेतली नाही आणि अशा ट्रिपला जावं लागतं, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी आहे. खुशाल जा. पण त्या दिवसापुरता एक नियम करा : दुसऱ्याचा पेला मोजायचा नाही, परत येताना त्यावर एक वाक्य बोलायचं नाही. बेनेडिक्टांची कुरकुर न करण्याची अट आठवा. हा नियम न पिण्यापेक्षा अवघड जातो, करून बघा. आणि टेबलावर आपल्या आठ महिन्यांच्या मित्रासारखं कुणी गप्प बसलेलं दिसलं तर त्याला 'चल, जरा खाली नदीपर्यंत जाऊन येऊ' म्हणा. कारण विचारू नका.

आजच्या अभ्यासाला : श्लोक ५९ पुन्हा वाचा, आणि ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात यावरच्या ओव्या काढून वाचा, पालवी आणि मुळाच्या दृष्टांतापासून पुढच्या पाच-सहा. मग वहीत दोन रकाने करा. एका बाजूला मी काय छाटलंय, दुसऱ्या बाजूला त्याच्या मुळाला पाणी कुठून जातंय. दारूच असली पाहिजे असं नाही. कुणाचं ऑनलाइन शॉपिंग असेल, कुणाचं जुन्या नात्याचं प्रोफाइल रात्री उघडून बघणं. वही कुणाला दाखवायची नाही.

उद्या श्लोक ६०. प्रयत्न करणाऱ्या, जाणत्या माणसाचंही मन इंद्रियं जोर करून ओढून नेतात, असं भगवंत तिथे अर्जुनाला स्पष्टच सांगतात. पत्र लिहिणाऱ्या मित्राने उद्याचं चिंतन नक्की वाचावं. आणि ट्रिपहून आल्यावर कळव रे, काय झालं ते.

राम कृष्ण हरी!